सिमेंटवरचा खेळ आणि मैदानाची किल्ली



देवासच्या व्यासपीठावर उभं राहून गाण्याबद्दल न बोलणं हा जवळजवळ गुन्हाच आहे, याची मला कल्पना आहे. गवई रजब अली खाँसाहेब इथले. कुमार गंधर्व 1948 मध्ये प्रकृतीसाठी इथे आले आणि कायमचे इथलेच झाले. टेकडीवरची देवी तर इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने आपल्या पुस्तकातून पार विलायतेतल्या वाचकांपर्यंत नेली. एवढं सगळं असताना मी आज तुमच्यासमोर चेंडू घेऊन उभा आहे. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर व्यायामशिक्षक होते, आणि त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानांत एखादा तरी विषय घाम फोडणारा असावा, असं मला वाटलं. संयोजकांनी हरकत घेतली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

कारखान्यांच्या गावात बास्केटबॉल कसा येतो आणि कोणाच्या जिवावर टिकतो, हा आजचा विषय. देवास किंवा धार म्हणजे बास्केटबॉलची पंढरी, असा दावा मी करणार नाही. तशी पंढरी हवी असेल तर 35 किलोमीटरवर इंदूर आहे, तिथे रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहे, अवश्य जाऊन पाहावं. मला रस आहे तो वेगळ्या प्रश्नात. देवास, धार जिल्ह्यातलं पीथमपूर ही कारखान्यांची गावं. जगात अशा गावांनी हा खेळ उचलून धरला, कुठे कुठे तर डोक्यावर घेतला. मग ते कुठे जमलं आणि कशामुळे जमलं?

सुरुवात स्प्रिंगफील्डपासून करावी लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं, सरकारी बंदुकांच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव. डिसेंबर 1891. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ नावाचा, कॅनडातून आलेला तिशीचा शिक्षक होता. बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायतीला विटलेले 18 दांडगे विद्यार्थी. त्यांना दमवेल पण एकमेकांची डोकी फोडायला लावणार नाही असा खेळ शोध, असं त्याला वरिष्ठांनी सांगितलं होतं. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून 10 फुटांवर होता, म्हणून आज जगभर रिंग 10 फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते. ती उंची कुठल्याही शास्त्रज्ञाने काढलेली नाही, स्प्रिंगफील्डच्या सुताराने ठरवलेली आहे. टोपलीला बूड होतं. गोल झाला की कोणीतरी शिडी लावून वर चढायचं आणि चेंडू काढायचा.

नायस्मिथने 13 नियम टाइप करून फळ्यावर लावले. त्यातला कळीचा नियम हा, की चेंडू हातात धरून पळायचं नाही. जागा बंद, भिंती जवळ. पळत सुटलेल्या माणसाला अडवायचं तर आडवंच पाडावं लागणार, म्हणून पळणंच बंद. हा खेळ जन्मापासूनच दाटीवाटीच्या शहराचा आहे. क्रिकेटला जमीन लागते, कुस्तीला माती लागते. याला फरशी लागते, आणि तीही थोडीच. पूर्ण मापाचं मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. एवढी जागा कुठल्याही गिरणीच्या मागच्या अंगणात निघते.

हिंदुस्थानात तो वायएमसीएच्याच वाटेने आला. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून शिकून निघालेली मंडळी शाळा-कॉलेजांत गेली आणि खेळ सोबत घेऊन गेली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीला झाली, महासंघ 1950 मध्ये स्थापन झाला, आणि 1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळलो, 1980 मध्ये मॉस्कोला. त्या वर्षी निम्म्या जगाने बहिष्कार घातला होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

आपल्या मुलखात तेव्हा खेळ म्हणजे आखाडा. देवास आणि धार या पवारांच्या दोन्ही संस्थानांचा, आणि देवासात तर थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्यांचा, मराठी मुलखाशी असलेला संबंध सोयरिकीचा तसा तालमीचाही होता. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार हे शाहू महाराजांचे नातू, मुलीचे चिरंजीव. 1947 मध्ये ते कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. ज्या गावात शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावच्या गादीवर देवासचा राजा जाऊन बसला.

आखाड्याची माती ज्याने कधी हातात घेतली असेल त्याला ठाऊक असेल की ती नुसती माती नसते. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा, आणि रोज फावड्याने खणून वरखाली करायची. दोन दिवस हात लावला नाही की ती बसते, घट्ट होते, आणि पडणाऱ्याची पाठ सोलते. ही मेहनत पैलवानांनीच करायची. तोही व्यायामच. तालीम गल्लीची असायची आणि तिच्या दाराची किल्ली वस्तादांकडे. पहाटे ते दार उघडणार म्हणजे उघडणारच. ही किल्ली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच परंपरेतला मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं आणि पेशवाई बुडाल्यावर तो मराठी माणसांबरोबर उत्तरेत पसरला. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. महाराष्ट्राच्या आधी आपण दिला, हे आपण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जरा जास्तच वेळा ऐकवतो.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. 1936 चं बर्लिन ऑलिंपिक. बास्केटबॉल तिथे पहिल्यांदा अधिकृत खेळ म्हणून आला, म्हातारा नायस्मिथ ते पाहायला हजर होता. अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टावर झाला, आणि त्या दिवशी पाऊस कोसळला. चिखलात चेंडू टप्पाच खाईना. अमेरिकेने कॅनडाला 19-8 असं हरवलं. बर्फाला कंटाळून छपराखाली जन्मलेल्या खेळाची जागतिक पदार्पणातच पावसाने ही दशा केली. आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले देशी खेळ दाखवत होतं. एकमेकांचं त्यांनी काही पाहिलं का, ते देव जाणे. पण माती हवी असलेले खेळ आणि फरशी हवी असलेला खेळ, दोन्ही एकाच गावी पाहुणे होते.

आता मुंबईला जाऊ. महाराष्ट्रात बास्केटबॉल आणि कामगारवस्ती यांची गाठ कुठे घट्ट बसली असेल तर नागपाड्यात. भायखळ्याच्या लगतची ही वस्ती. पलीकडे गिरण्यांची धुराडी, अलीकडे गोदी. मुसलमान कारागीर, बगदादी ज्यू, मराठी बोलणारे बेने इस्रायल, हमाल, खाटीक, गिरणीकामगार असे सगळे एकाच जिन्याने चढणारे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1927 मध्ये तिथे नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं. नाव मिशनचं, पण काम वस्तीचं. वाचायची सोय, औषधपाणी, व्याख्यानं आणि खेळ. याच घरात 1936 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. ती पुढे वाढत वाढत देवनारला गेली, आज आपण तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो. आपल्याकडच्या समाजकार्य शिक्षणाचा आणि मुंबईच्या बास्केटबॉलचा पाळणा एकाच वस्तीत हलला, ही गोष्ट मला फार गोड वाटते. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना ती तितकी वाटत नाही, असा अनुभव आहे.

नागपाड्याचं बच्चू खान मैदान हे या खेळाचं घर. गुलाम अब्बास मुंतसिर याच वस्तीत वाढले. जन्म 1942 चा. ते भारताचे कप्तान झाले, 1970 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या काळात आशियात भारताच्या संघाला मान होता, 1975 मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपण चौथे आलो. हॉटेलात, वर्कशॉपमध्ये, मटणाच्या दुकानात राबणाऱ्यांच्या पोरांना खेळातून पुढे यायची एक वाट दिसली. उत्तम खेळलास तर रेल्वे किंवा एखादी कंपनी संघासाठी घेईल, म्हणजे पगार चालू होईल.

याच मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि बहुतेक गिरण्या पुढे पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. गिरणी गेली तसे गिरणीच्या नावाने चालणारे संघ, त्यांचे शिल्ड, त्यांची मैदानं हेही मागोमाग गेलं. जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. नागपाड्याचं मैदान राहिलं. माझ्या मते कारण साधं आहे, ते कुठल्या एका मालकाचं नव्हतं. जागा पालिकेची, मंडळ मोहल्ल्याचं, शिकवणारे कालचे खेळाडू. कोणताही शेठ ते बंद करू शकत नव्हता, कारण किल्ली त्याच्याकडे नव्हती.

याला उलटं उदाहरण म्हणून नव्हे, पण वेगळी तऱ्हा म्हणून भिलाई पाहा. 2000 पर्यंत ती आपल्याच राज्यात होती. सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला पोलाद कारखाना, पहिली भट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला पेटली. कारखान्याबरोबरच सेक्टर आखले गेले, सेक्टरांत शाळा, दवाखाना, मैदान. म्हणजे खेळ इथे नकाशातच होता. पण नकाशातून खेळाडू निघत नाहीत. ते राजेश पटेल या प्रशिक्षकाने काढले. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतल्या, आदिवासी घरांतल्या मुली त्यांनी हेरल्या आणि आपल्याच घरी ठेवून घेतल्या. त्यांचं खाणं, शाळा, सराव सगळं एकाच छपराखाली. अंजू लाकडा, सीमा सिंग, भारती नेताम अशी नावं भारताच्या संघात त्या मार्गाने गेली. छत्तीसगडसारखं नवं, छोटं राज्य महिला बास्केटबॉलमध्ये भल्याभल्यांना भारी पडू लागलं. 2018 मध्ये पटेल गेले.

कारखान्याने जागा दिली, दिवे दिले, फार मोठी गोष्ट केली. तरी एका माणसाच्या ओसरीवर एवढा डोलारा उभा होता, हे विसरता येत नाही. वस्ताद असला की तालीम चालते. वस्ताद गेल्यावर किल्ली कोणाकडे द्यायची हे आधी ठरलेलं असावं लागतं.

अशी गावं देशाबाहेर कुठे आहेत हे पाहायला कॅरिबियनचा फेरफटका धावता घेतो. गयानातलं लिंडन हे बॉक्साइटचं गाव, 1916 पासून खाण चालली, 1971 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर असला तरी हा देश कॅरिबियनच, आणि लिंडनने त्याला कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. पलीकडे त्रिनिदाद.  पॉइंट-आ-पिएरची तेल शुद्धीकरणाची रिफायनरी 2018 मध्ये बंद पडली आणि गावाने कंपनी गेल्यावर काय उरतं हे पाहिलं. पण मला सांगायची आहे ती सेंट क्रॉय बेटाची हकिगत. तिथेही रिफायनरी होती. तिथला टिम डंकन नावाचा मुलगा पोहणारा. बहीण 1988 च्या सोल ऑलिंपिकला जाऊन आलेली, हाही तिच्या मागे जाणार. 1989 मध्ये ह्यूगो वादळ आलं आणि बेटावरचा ऑलिंपिक मापाचा एकमेव तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करायचा तर याला शार्कची भीती. मग तो बास्केटबॉलकडे वळला आणि एनबीएत पाच वेळा विजेता झाला. वादळात तलाव जातो, सिमेंटची पट्टी राहते. वादळाला सिमेंटचं काही करता येत नाही.

आपल्या माळव्यात मात्र सिमेंटलाही वैरी आहे, आणि तो पायाखालीच आहे. आपली काळी माती. कापसाला, सोयाबीनला, गव्हाला उत्तम. बांधकामवाल्याला विचारा. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की पोराचा हात आत जातो, आणि आषाढात तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर नुसतं खडीचं काँक्रीट ओतून मैदान केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत लादी उचलली जाते, कोपरे वर येतात, मधोमध भेग पळते. मग चेंडू त्या भेगेवर आपटला की उजवीकडे जायचा तो डावीकडे जातो. खेळणाऱ्या पोरांना ती भेग पाठ असते. पाहुण्या संघाला नसते, आणि घरच्या संघाचे चार गुण तिथेच निघतात. हे टाळायचं तर काळी माती खोल खणून काढायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, मग चौकोन चौकोन सांधे सोडून काँक्रीट. खर्च सगळा जमिनीखाली जातो, वर दिसत नाही. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला मुरूम दाखवता येत नाही, म्हणून त्यावर पैसे घालायला कोणी राजी नसतो.

वरच्या बाजूची कथाही तीच. प्लायचा बोर्ड पावसाने फुगतो, रिंगचा एक बोल्ट सैल होतो, जाळी सहा महिन्यांत गळून जाते. जाळी नसलेल्या रिंगमधून चेंडू गेला की बाजूने गेला, यावर जी भांडणं होतात ती मिटवायला पंच नसतात. शेवटी ज्याचा चेंडू त्याचा गोल, हा नियम लागू होतो. नायस्मिथच्या 13 नियमांत तो नाही.

आणि तरी हाच खेळ या गावांना सोयीचा आहे, असं मला वाटतं. देवासने 1990 मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी येताना पाहिलं आहे. त्या पाण्याच्या रांगेत उभे राहिलेले लोक या सभागृहात बसले आहेत. ज्या गावाला प्यायचं पाणी गाडीने आणावं लागलं, तिथे हिरवळीचं मैदान जपा म्हणणं चेष्टा ठरते. सिमेंटला पाणी एकदाच लागतं, ओतल्यानंतरचे काही दिवस. पुढे झाडू पुरे.

कारखान्यांनी मैदानं केली नाहीत असं मी म्हणणार नाही. बँक नोट प्रेस 1974 मध्ये आली, तिची वसाहत आली, इतरही कारखान्यांच्या वसाहती आल्या. पण वसाहतीला भिंत असते आणि भिंतीला फाटक. नोटा छापणाऱ्या कारखान्याने फाटकावर पहारा ठेवावा हे रास्तच आहे, पण त्यामुळे आतला खेळ आत राहतो आणि बाहेरचा मुलगा बाहेर. भिलाईत अख्खं गावच वसाहत होतं, म्हणून हा प्रश्न कमी आला. देवासात जुनं गाव आधीपासून होतं, टेकडीच्या पायथ्याशी, आपल्या तालमींसह. कारखाना त्याच्या शेजारी आला, त्याच्या आत आला नाही.

नवा खेळ आपल्याकडे रुजत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला सॉफ्ट टेनिस दाखवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपान्यांनी टेनिसचे महागडे विलायती चेंडू परवडेनात म्हणून रबराच्या मऊ चेंडूने खेळायला सुरुवात केली, त्यातून हा खेळ निघाला. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत तो आला. भारतात बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. देवासच्या पोरांनी मात्र तो उचलला, आणि इथला जय मीणा आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. यात कारखाना नाही, राजा नाही, मिशन नाही. कोणीतरी शिकवणारा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर हजर राहिला, एवढंच आहे.

धार जिल्ह्याची गोष्ट अधिक अवघड. धार शहराला इतिहास आहे, पीथमपूरला शिफ्ट आहे. 1980 च्या दशकात माळावर गाड्यांचे कारखाने आले, चार राज्यांतली माणसं आली, भाड्याच्या खोल्या झाल्या, पण मोहल्ला व्हायला जो वेळ लागतो तो अजून पुरता मिळालेला नाही. तिथेच 2021 मध्ये नॅट्रॅक्सचा गाड्या तपासण्याचा भरधाव पट्टा सुरू झाला. लांबी 11.3 किलोमीटर, रुंदी 16 मीटर. मी मघाशी बास्केटबॉलच्या मैदानाची रुंदी 15 मीटर सांगितली. म्हणजे त्या पट्ट्याचे 28-28 मीटरचे तुकडे केले तर 400 मैदानं होतील आणि वर दोन्ही बाजूंना प्रेक्षकांना उभं राहायला अर्धा अर्धा मीटर उरेल. पट्टा तोडा असं मी सुचवत नाही, घाबरू नका. तो तिथे असायलाच हवा. पण जे गाव मोटारीला पळायला इतकी सपाट, भेग नसलेली जमीन करू शकतं, त्याला काळ्या मातीवर 28 बाय 15 ची एक चौकट जमत नाही, हे मला पटत नाही.

सभागृहात कारखान्यांच्या कर्मचारी विभागातले काही अधिकारी बसले आहेत, म्हणून वेळापत्रकाचा मुद्दा सांगून थांबतो. सेकंड शिफ्ट तीनला सुरू होते आणि अकराला सुटते. त्या आठवड्यात तो कामगार सकाळीच खेळू शकतो. रात्रपाळीवाला संध्याकाळी पाच ते आठ मोकळा असतो, आणि शाळकरी मुलंही त्याच वेळी येतात, मुली तर त्याच वेळी येऊ शकतात, कारण त्यानंतर घरून सोडत नाहीत. म्हणजे मैदान सकाळी साडेपाचला उघडावं लागेल, संध्याकाळी मुलींसाठी दोन तास राखावे लागतील, आणि दिव्याचं बटण व किल्ली अशा माणसाकडे द्यावी लागेल ज्याची बदली होत नाही. वीजबिल कंपनीने भरावं, किल्ली गल्लीतल्या कोणाकडे ठेवावी. कोणाकडे, हे गल्लीने ठरवावं. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे, मुरूम किती फूट भरायचा इथपासून विचारलंत तरी चालेल.